फायर ब्लाइटवर ‘एक फवारा आणि झाड बरे’?

फायर ब्लाइट हा सफरचंद-नाशपतीवर जिवाणूमुळे होणारा रोग. त्यावर सध्या एक सल्ला खूप फिरतोय: ‘सफरचंद किंवा नाशपतीचा शेंडा जळल्यासारखा दिसला की स्ट्रेप्टोमायसिन (जिवाणूंवरचे प्रतिजैविक) फवारा, झाड बरे होईल. फरक पडला नाही तर पुन्हा मारा. फांद्या कापू नका. मधमाश्यांच्या पेट्या मात्र हलवा, त्याच रोग आणतात.’ हे वाचून कुणी कात्री बाजूला ठेवली तर झाड हातचे जाईल, म्हणून लिहितोय.

‘फवारा, बरे होईल.’ शेंडा काळा पडून आकड्यासारखा वाकतो, तेव्हा अर्विनिया अमायलोव्होरा हा जिवाणू सालीखाली पोहोचलेला असतो. फवाऱ्याचे औषध तिथे पुरेसे पोहोचत नाही. खरी लढाई आधीच, फुलात होऊन गेलेली असते. उबदार हवेत फुलाच्या चिकट कुक्षीवर (परागकण जिथे चिकटतात त्या टोकावर) जिवाणू झपाट्याने वाढतात, एकेका फुलावर दहा लाखांपर्यंत. तोवर फुलाला काहीच झालेले नसते, पाकळ्या टवटवीत दिसतात. मग पाऊस येतो किंवा जड दव पडते, पाणी त्यांना फुलाच्या तळाशी नेते आणि मकरंद पाझरणाऱ्या बारीक छिद्रांतून ते आत शिरतात. स्ट्रेप्टोमायसिन उपयोगी पडते ते या ओलाव्याच्या आगेमागे, साधारण 24 तासांत. म्हणूनच तापमान आणि ओलावा पाहून धोक्याचा दिवस सांगणारी गणिते संशोधकांनी बसवली. काळा शेंडा पाहून पंप काढणे म्हणजे वरातीमागून घोडे.

‘पुन्हा मारा.’ हे तर घातकच, कारण वारंवार मारले की औषधाला दाद न देणारे जिवाणूच मागे उरतात. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नाशपतीच्या बागांत या औषधाला न जुमानणारे जिवाणू सापडले. त्यांच्या रायबोसोममधल्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) एका प्रथिनात फक्त एक अमिनो आम्ल बदलले होते. तेवढ्याने औषधाची पकड सुटली.

‘कापू नका.’ जिवाणू हिवाळा काढतो तो सालीवरच्या खोलगट चट्ट्यांच्या कडेला. वसंतात तिथून मधासारखे चिकट थेंब पाझरतात आणि माश्या, पाऊस ते पसरवतात. ती फांदी ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षीचा रोग सांभाळणे. दिसणाऱ्या काळपटपणाच्या 20 ते 30 सेंटिमीटर खाली, निरोगी भागात, कोरड्या हवेत काप घ्या.

‘मधमाश्या रोग आणतात.’ यात अर्धे सत्य आहे. वनस्पतिरोगतज्ज्ञ एम. बी. वेट यांनी 1890 च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिले की मधमाश्या एका फुलावरचा जिवाणू दुसऱ्या फुलावर नेतात. पण पेट्या हलवल्या तरी चट्टे झाडावरच राहतात, आणि परागीभवन बुडाले तर फळ धरणार कसे? उलट त्यांची हीच सवय संशोधकांनी कामाला लावली. पेटीच्या दाराशी उपकारक जिवाणूंची पूड ठेवली की बाहेर पडणाऱ्या मधमाश्या ती अंगावर घेऊन फुलांवर जातात, आणि रोगाच्या जिवाणूआधी कुक्षीवर जागा अडवण्याची संधी या उपकारक जिवाणूंना मिळते.