शिकतीये अजून

माझं वय बेचाळीस. अठरा वर्षं घरचा स्वयंपाक माझ्याच हातचा. आणि रविवारी संध्याकाळी चिकन सेंटरसमोर, पंधरा माणसांच्या रांगेत, एका अनोळखी काकूंनी माझ्याबद्दल जाहीर केलं, "तिला लेगच दे रे. शिकतीये अजून."

मी फक्त एका 'वीस मिनिटांत होणाऱ्या' पाककृतीसाठी अर्धा किलो बोनलेस ब्रेस्ट मागितलं होतं.

श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, म्हणजे रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत. माझा नंबर लागला आणि दुकानदाराचा सुरा हवेतच थांबला. "ब्रेस्ट? ताई, घरात कुणी आजारी आहे का?"

"नाही हो. ग्रिल करायचंय. वर चीज घालून."

इथं मागच्या काकू पुढे सरकल्या. हातात झाकणाचा स्टीलचा डबा, कारण पिशवीतल्या चिकनला म्हणे पिशवीचा वास लागतो. फौजदार दंडुका धरणार नाही अशा ऐटीत तो डबा धरलेला.

"चीज कशाला गं?"

"वितळतं वर."

"आणि रस्सा?"

"रस्सा नसतो त्यात."

"मग पोळी कशाशी खायची?"

"पोळी नाही, ब्रेड."

काकूंनी वळून रांगेकडे पाहिलं. एका गृहस्थांनी नीट ऐकू यावं म्हणून हेल्मेट काढलं. "ब्रेस्ट म्हणजे चोथा," काकू रांगेला म्हणाल्या, मला नाही. "चव हाडाला असते." आणि मग ते वाक्य.

वरवंट्यानं हलकं ठोकून बोटभर जाडीचं केलं, तर ब्रेस्ट एकेका बाजूनं पाच-सहा मिनिटांत होतं. लेगला हाडापर्यंत शिजायला पाऊण तास लागतो. हे मला पाठ आहे. तोंडातून निघालं, "बरं, लेग द्या." दुकानदारानं वर मूठभर कलेजी फुकट घातली. दया आली असणार.

घरी दही, आलं-लसूण, तिखट, लिंबू आणि थोडा मध. मध सगळ्यात आधी जळला. धुरात मुलगी खोकत येऊन विचारून गेली, "हे मुद्दाम करतीयेस का?" चीज शेवटच्या दोन मिनिटांत घालून वर झाकण ठेवायचं असतं. मी तसंच केलं, फक्त चार वेळा, कारण ती शेवटची दोन मिनिटं नव्हती हे दरवेळी नंतर कळलं. बाहेरून कोळसा, हाडाशी गुलाबी, आणि सगळं चीज तव्याच्या खोबणींत.

त्या वीस मिनिटांच्या पाककृतीत साहित्याची पहिली ओळ काय, तर 'रात्रभर मुरवलेलं चिकन'. म्हणजे झटपट जेवणाची सुरुवात आदल्या दिवशी! रांगेतला पाऊण तास कुणाच्या खात्यात? तवा घासायचा अर्धा तास? या पाककृती लिहिणाऱ्यांच्या घरी तवा कोण घासतं, ते मला एकदा बघायचंय. आमच्याकडे 'छान दिसतंय, पण मला भूक नाही' म्हणणारा माणूस नक्कीच घासत नाही. तोच माणूस दर आठवड्याला म्हणतो, "कशाला दगदग करतेस, काहीतरी साधं कर ना." अरे, हे साधंच होतं!

पावणेदहाला शेवटी ती फुकटची कलेजी कांद्यावर परतली. दहा मिनिटं लागली. भूक नसलेल्या माणसानं सकाळच्या चार पोळ्या संपवल्या.

हे त्या काकूंना कळता कामा नये. त्या आमच्याच गल्लीत राहतात, असं परवा समजलं. आज गुरुवार. तवा अजून भिजतोय.