त्या दोघांना सोडून या

दर जानेवारीत, पंधरा तारखेच्या आसपास, आमच्या कराडच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकच वाद पेटतो. ऑलिम्पिक पदक आणणारे गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांचा तो जन्मदिवस, आणि आता राज्याचा क्रीडादिनही. कुणीतरी फोटो टाकतं, कुणीतरी मरणोत्तर पद्म सन्मानाची मागणी पुन्हा मांडतं आणि दोन तट पडतात. एक म्हणतो, मिळालाच पाहिजे, हा गोळेश्वरचा आणि कराडचा मान आहे. दुसरा म्हणतो, १९८४ साली गेलेल्या माणसाला आता सन्मान देऊन काय होणार, त्यापेक्षा आजच्या पोरांना कुस्तीची मॅट द्या. यंदा एकानं मलाच विचारलं, "तू इतकी वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत आहेस, तिकडं असं काही झालं तर काय करतात?"

तिकडं असं काही झालं होतं. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर.

गोल्डन गेट पार्कच्या कडेला केझर नावाचं मैदान आहे. आज तिथं लोक संध्याकाळी धावायला येतात, पण पूर्वी जवळपास साठ हजार माणसं बसतील एवढं मोठं स्टेडियम होतं. टेकडीवरच्या युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा, म्हणजे जेझुइट पाद्र्यांनी चालवलेल्या एका लहानशा कॉलेजचा, अमेरिकन फुटबॉलचा संघ तिथं खेळायचा. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन आडवं करायचं, अशी अंगमेहनतीची झटापट. कुस्तीच्या मुलखातल्या माणसाला ती लवकर कळते.

१९५१ च्या मोसमात हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमला ३२-२६ असं हरवलं, पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडवला, लोयोलाला २०-२ वर रोखलं. प्रशिक्षक होते जो कुहॅरिच. ओली मॅटसन हा त्यांचा धावपटू त्या वर्षी देशातल्या सगळ्या कॉलेजांत सर्वाधिक यार्ड धावला, एकूण १५६६. बचावात बर्ल टोलर होता, आणि जीनो मार्केटी, जो दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून परत येऊन कॉलेजात शिकत होता. कॉलेजच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा तरुण होता पीट रोझेल, पुढं सबंध एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, प्रमुख झालेला.

मोसम संपला की नवीन वर्षाच्या सुमाराला मोठे निमंत्रित सामने होतात, त्यांना तिथं 'बोल' म्हणतात. त्यात प्रतिष्ठा असते आणि पैसाही. या संघाला त्या पैशाची फार गरज होती, कारण फुटबॉलमुळं कॉलेज तोट्यात चाललं होतं. दक्षिणेकडून विचारणा आली, पण अट घालून. मॅटसन आणि टोलर हे दोघे काळे होते. त्या दोघांना सोडून या, म्हणजे बोलावतो.

संघानं नाही म्हटलं. मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा वाटलं होतं, यावर रात्रभर बैठक झाली असेल, मतं पडली असतील. तसं काही नव्हतं. पुढं त्यांच्यातल्या म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंनी जे सांगितलं त्याचा सूर एवढाच होता, की यात विचार करण्यासारखं होतं काय? १९५२ च्या एक जानेवारीला मायामीत ऑरेंज बोल झाला, जॉर्जिया टेकनं बेलरला हरवलं. सॅन फ्रान्सिस्कोची पोरं घरीच होती. त्याच सुमाराला कॉलेजनं जाहीर केलं, की एवढा खर्च आता झेपत नाही, फुटबॉल बंद. एकदाही न हरलेला संघ आणि त्याच्या पाठोपाठ संपलेला खेळ. त्या संघातल्या नऊजणांना एनएफएलनं निवडलं. मार्केटी, मॅटसन आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघं पुढं हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. एकाच कॉलेजच्या एकाच संघातले तिघं!

टोलरचा गुडघा १९५२ च्या उन्हाळ्यात एका सामन्यात गेला आणि त्याचं खेळणं तिथंच थांबलं. तो शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. १९६५ साली तो एनएफएलचा पहिला काळा पंच झाला आणि १९८० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्यानं पंच म्हणून काम केलं.

आणि मॅटसन? तो त्याच १९५२ च्या जुलैत हेलसिंकीला ऑलिम्पिकसाठी गेला. २५ तारखेला चारशे मीटरमध्ये त्यानं कांस्य मिळवलं. त्याच्या दोनच दिवस आधी, २३ तारखेला, त्याच शहरात गोळेश्वरच्या पैलवानानं कांस्य मिळवलं होतं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक. ही तारीख जुळल्यापासून मला केझरवरून चालताना खाशाबा आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर. २००६ मध्ये त्या कॉलेजनं संघातल्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिल्या, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. तोवर काहीजण गेलेले होते. अमेरिका हे फार चांगलं करते असं मी म्हणणार नाही, पंचावन्न वर्षं हा उशीरच. पण त्यांनी एक गोष्ट केली जी मला मोलाची वाटते. सन्मान देताना ती अट लपवली नाही. नऊ विजय मागं राहिले आणि 'त्या दोघांना सोडून या' हे वाक्य पुढं आलं. २०१७ मध्ये तर तिथल्या वसतिगृहावरून जेम्स फेलनचं नाव काढलं. हा सिनेटर 'कॅलिफोर्निया गोरा ठेवा' म्हणत १९२० ची निवडणूक लढला होता. त्याच्या जागी बर्ल टोलरचं नाव लावलं. टोलर २००९ मध्ये गेला होता. मेलेल्या माणसाला काय उपयोग, असं विचारणाऱ्या माझ्या मित्राला मी हेच सांगेन. तो उपयोग त्या इमारतीत पहिल्या वर्षी राहायला येणाऱ्या मुलाला होतो. त्यात माझ्यासारख्या आशियातून आलेल्यांची मुलंही असतात, ज्यांना फेलननं या राज्यात पाऊल ठेवू दिलं नसतं.

म्हणून मी मागणी करणाऱ्यांच्या बाजूची आहे. पण त्यांच्याशीही माझं एक भांडण आहे. आपण पदक सांगतो, स्वागताची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक सांगतो आणि मधला भाग गाळतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते आणि मुंबई सरकारकडून मदत मिळाली नाही. गावानं वर्गणी काढली, आणि ते शिकले त्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक आणल्यावरही खाशाबांना १९५५ मध्ये पोलिसात सब-इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली आणि पुढं वर्षानुवर्षं बढतीची वाट पाहावी लागली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकानं. सन्मान द्यायचा तर हे सगळं त्याच्यासोबत लिहून द्या. कुणी दिलं आणि कुणी दिलं नाही, दोन्ही. नुसतं पदक गळ्यात घातलेला फोटो लावला, तर ज्यांनी पाठ फिरवली तेही त्या फोटोत उभे राहून टाळ्या वाजवतात.

हे लिहिण्याआधी मी कराडला आप्पांना फोन केला. ते टिळक हायस्कूलचे, खाशाबांच्याच शाळेचे. बैलगाड्यांचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. खर्डेकरांचं सांगितलं तेव्हा मात्र ते थांबले.

"मग घर सुटलं का गं त्यांचं?"

"सुटलं, आप्पा. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून सोडवलं."

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "किती म्हणालीस? सात हजार?"

"हो. बावन्न सालचे."