खिडकीशेजारचं टेबल

आमच्या सांगलीकडच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोडचा फलक लागला. मोबाईलने तो स्कॅन करायचा, आभा खात्यातलं, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्यातलं, नाव-गाव-वय पाठवायचं आणि टोकन घ्यायचं. दादा म्हणतो, रांग मोडली, वशिला संपला, उद्या रिपोर्टही मोबाईलवर येतील. चुलतवहिनी आशा सेविका आहे, म्हणजे मानधनावर काम करणारी गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती. ती म्हणते, ज्याच्याकडे मोबाईल त्याची रांग मोडली. बाकीचे होते तिथंच उभे आहेत, वर ‘ऑनलाइन का नाही केलं’ म्हणून बोलणी खातात. त्यापेक्षा कागदच बरा. दोघांनी मिळून मला पंच नेमलंय. अमेरिकेत सगळं ऑनलाइन असतं, अशी दोघांचीही समजूत आहे.

मी राहते कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोजवळ. द्राक्षांचा मुलूख. शेजारचं सेल्मा गाव स्वतःला जगाची बेदाण्याची राजधानी म्हणवतं. तासगावात हे मोठ्याने बोलू नये. द्राक्षं तोडणारे मजूर बहुतेक मेक्सिकोतून आलेले, त्यातले बरेच वाहाका राज्यातले मिश्तेक, म्हणजे स्वतःची वेगळी भाषा असलेले तिथले मूळनिवासी. शिवाय म्हातारे झालेले पंजाबी शेतकरी आणि लाओसमधून आलेली ह्मोंग कुटुंबं. यांच्यासाठी केंद्राच्या अनुदानावर चालणारे दवाखाने आहेत; खिशात पैसे नाहीत म्हणून तिथून कुणाला परत पाठवत नाहीत. अशाच एका दवाखान्यात शनिवारी मी रुग्णांना त्यांचं दवाखान्यातलं ऑनलाइन खातं वापरायला शिकवते, ज्यात रिपोर्ट आणि औषधं दिसतात.

हक्क म्हणाल तर इथे पक्का आहे. २०१६ साली क्युअर्स कायदा झाला आणि त्याखालचा नियम ५ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. तपासणीचे निकाल, डॉक्टरांच्या नोंदी रुग्णापासून विनाकारण अडवून ठेवता येत नाहीत. पण खातं उघडायला ईमेल लागतो. आजोबांचा ईमेल नातवाने उघडून दिलेला, पासवर्ड नातवाला पाठ, नातू सॅक्रमेंटोला. पडताळणीचा आकडा जातो जुन्या नंबरवर, कारण प्रीपेड सिम मध्येच बदललं. घरात फोन एक, तो नवऱ्याबरोबर शेतावर. स्पॅनिश पान आहे, पण मिश्तेक बाईचं स्पॅनिश बाजारापुरतं, आणि तिची स्वतःची भाषा वाचायची तिला कधी कुणी शिकवलीच नाही. पंजाबी आजी गुरुमुखी घडाघडा वाचतात, पण पडद्यावर गुरुमुखी नसते. मग शाळकरी नात दुभाषी होते, आणि आजीच्या गाठीचा रिपोर्ट आजीच्या आधी तिला कळतो. निकाल लगेच दाखवायच्या नियमामुळे तो शुक्रवारी संध्याकाळी येऊन पडतो. डॉक्टर भेटतात सोमवारी.

तरीही लोक शिकतात. फोन आपण हातात घ्यायचा नाही, ही आमच्या टेबलाची पहिली शिस्त. बोट त्यांचं, वेळ लागला तर लागला. एका बैठकीत एकच काम, आणि तेही त्यांना आज लागणारं: बहुतेकांना औषध संपण्याआधी पुन्हा मागवायचं असतं. ते जमलं की पुढच्या वेळी स्वतःच विचारतात, ‘डॉक्टरला निरोप कसा धाडायचा?’ मधुमेहाच्या एका म्हाताऱ्या रुग्णाला तीन महिन्यांच्या साखरेचा उतरत गेलेला आलेख दिसला, तेव्हा त्याने तो मागे-पुढे करून कितीदा तरी पाहिला, मग बायकोला बोलावून दाखवला. पथ्याचं एवढं कौतुक त्याला कुठल्या डॉक्टरकडून मिळालं नसेल.

दादाने इथं खूश होऊ नये. या देशाने २००९ च्या हायटेक कायद्यानंतर दवाखान्यांना संगणकीकरणासाठी अब्जावधी डॉलर दिले. पुढच्या टप्प्यात अट घातली की निदान पाच टक्के रुग्णांनी आपली माहिती ऑनलाइन उघडून पाहिलेली असावी. पाच टक्केसुद्धा जड गेले. तक्रारी इतक्या झाल्या की ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने अट उतरवून एका रुग्णावर आणली. एक टक्का नव्हे, एक रुग्ण! पैसा यंत्रणेला होता, शेजारी बसून शिकवणाऱ्याला नव्हता, आणि आपोआप कुणी शिकलं नाही.

आपल्याकडे मला तीच गोष्ट वेगळ्या नावाने दिसते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. चौदा आकडी आभा क्रमांक निघाले, मोजले गेले, जाहिरातीत आले. त्यातल्या किती जणांनी आपला एक तरी रिपोर्ट स्वतः उघडला, हे वहिनीला कुणी विचारत नाही. तिला विचारतात, आज किती कार्डं काढलीस? २०२३ च्या संपात महाराष्ट्रातल्या आशांनी मानधनाबरोबर ऑनलाइन कामांचा प्रश्नही उगाच नव्हता काढला. आणि मे २०२१ दादाला आठवत असेल. अठरा ते चव्वेचाळीस वयाला लस हवी तर कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची, आणि पुण्या-मुंबईची पोरं खेड्यातल्या केंद्रावरचे स्लॉट पटकावून गाड्या काढून जात होती. गावची माणसं दारात उभी. सर्वोच्च न्यायालयाने त्या महिन्याच्या अखेरीस याच दरीवरून केंद्राला खडसावलं.

पण वहिनीचं ‘कागदच बरा’ही मला पटत नाही. कागद सगळ्यात जास्त त्याचेच हरवतात, ज्याला पोटासाठी हिंडावं लागतं. बीडहून ऊसतोडीला आलेली गरोदर बाई सांगली-कोल्हापूरच्या फडावर असते. तिच्या तपासण्यांची नोंद गावच्या उपकेंद्रात. रक्त किती होतं, कुठलं इंजेक्शन झालं, सगळं तिच्या तोंडी सांगण्यावर. इथले मजूरही असेच द्राक्षांमागून सफरचंदांकडे, कॅलिफोर्नियातून वॉशिंग्टन राज्यापर्यंत जातात. तिथल्या डॉक्टरला फोनवर औषधांची यादी दाखवता आली, तर पुन्हा पहिल्यापासून रक्त काढावं लागत नाही. ऑनलाइन नोंदीची गरज बंगल्यातल्या माणसापेक्षा पालातल्या बाईला जास्त आहे, आणि ती तिच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते.

भीतीचं काय, हे ग्रुपवर कुणी विचारलंच नाही. माझ्या टेबलावर लोक मला हळूच विचारतात, ‘हे अजून कोण बघतं?’ पूर्वी मी बेधडक सांगायचे, तुम्ही आणि तुमचे डॉक्टर. जून २०२५ मध्ये बातमी आली की सरकारी आरोग्य विम्याच्या लाभार्थ्यांची माहिती केंद्राने स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या खात्याला दिली. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यं कोर्टात गेली. ती माहिती दवाखान्याच्या खात्यातून गेलेली नव्हती, पण हा फरक शेतमजुराला कुठल्या तोंडाने समजावायचा? काही जणांनी खातं बंद करायला सांगितलं. मी करून दिलं. आपल्याकडेही आभा ऐच्छिक आहे, हे कार्ड काढण्याआधी सांगायचं असतं. खिडकीवर ते कितीदा सांगितलं जातं ते दादानेच पाहून यावं.

तर पंचाचा निवाडा. महाराष्ट्राकडे एक गोष्ट आहे, जी इथल्या दवाखान्यांना दरवर्षी अनुदानाचे अर्ज भरून मिळवावी लागते: माणूस. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कागद कुठले, मंजुरी कशी, हे गरिबाला समजावून सांगणारं हे पद आपण फार आधी निर्माण केलं. इथं असं काम करणाऱ्याची नोकरी अनुदान संपलं की संपते. गरिबांच्या इंटरनेटला महिना तीस डॉलर सवलत देणारी केंद्राची योजनासुद्धा २०२४ मध्ये पैसे संपल्यावर बंद पडली; दोन कोटींहून अधिक घरं तिच्यावर होती.

दादा, तू दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीवर आहेस. क्यूआरच्या फलकाखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि सकाळच्या ओपीडीच्या वेळात एक माणूस मागून घे. आरोग्यमित्राचं काम योजनेच्या मंजुरीपुरतं न ठेवता या टेबलापर्यंत वाढवता येईल का, ते जिल्ह्याला लिहून विचार. महिन्याच्या अहवालात कार्डांचा आकडा नको. किती जणांनी स्वतःच्या बोटाने आपला रिपोर्ट उघडला, तेवढंच लिहा, मग तो आकडा सात असला तरी चालेल. ज्यांना मोबाईल नको त्यांची खिडकी चालूच ठेवा. आणि त्या टेबलावर वहिनीला फुकट बसवायचं नाही, हेही ठरावात घालून घे.