रिकाम्या ट्रेलरचं भरलेलं वजन

"ट्रेलर आणा भाड्याने. कारच्या मागे अडकवला की झालं काम, जावईबापू!" असं आमचे चुलतसासरे म्हणाले. घर बदलायचं होतं आणि सोफा, कपाट, जेवणाचं टेबल ही मंडळी कारच्या डिकीत मावायला तयार नव्हती.

काकांना हे म्हणणं सोपं आहे. त्यांनी ब्रिटनमध्ये कारची परीक्षा दिली ती १ जानेवारी १९९७च्या आधी, आणि त्या तारखेआधी पास झालेले लोक म्हणजे इथले वतनदार. साध्या कारच्या लायसन्सवर त्यांना गाडी आणि ट्रेलर मिळून ८,२५० किलोंपर्यंतचा लवाजमा हाकायचा हक्क आपोआप मिळाला. वेळेवर जन्माला यायचं, एवढीच पात्रता. आम्ही पडलो नंतरचे. आमच्या वाट्याला ७५० किलोंचा ट्रेलर. त्याहून मोठा हवा असेल तर कार आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोंच्या आत राहायचं, नाहीतर 'बी प्लस ई' नावाची वेगळी परीक्षा द्यायची. मग देशात लॉरी ड्रायव्हरांचा दुष्काळ पडला. लॉरीच्या परीक्षा घ्यायला परीक्षक मोकळे हवे होते, म्हणून सरकारने ट्रेलरची परीक्षाच गुंडाळली आणि १६ डिसेंबर २०२१पासून आम्हा सगळ्यांना ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा दिली. म्हणजे परीक्षक पुरेनात, म्हणून आम्ही लायक ठरलो.

काकांना तो निर्णय अजून पचलेला नाही. त्यातून त्यांच्या वतनाला सत्तरीची अट आहे. सत्तर वर्षं झाली की तो ८,२५० किलोंचा हक्क डॉक्टरी तपासणीशिवाय पुढे चालत नाही. काकांची सत्तरी जवळ आली आहे. हा विषय घरात कोणी काढत नाही.

लायसन्सचं मिटलं म्हणून मी खूश होतो. पण लायसन्स हा फक्त पहिला दरवाजा. लायसन्स बघताना कायदा ट्रेलर भरलेला आहे की रिकामा, हे विचारतच नाही. त्याच्या पाटीवर जास्तीत जास्त जेवढं वजन लिहिलंय तेवढं तो भरलेलाच आहे, असं धरून चालतो. आत नुसती हवा असली तरी ती किलोंमध्ये मोजायची. आणि कारची ओढायची ताकद बघताना मात्र उलट: तिथे खरोखर किती भरलंय ते बघतात. एकाच ट्रेलरची दोन वजनं, आणि दोन्ही कायदेशीर! हे मी बायकोला समजावून सांगत होतो. "म्हणजे सोफा जाणार की नाही?" एवढंच तिने विचारलं.

ते कार सांगणार होती. कारच्या दारापाशी किंवा बॉनेटखाली एक पाटी असते, तिच्यावर चार आकडे. पहिला, कारचं जास्तीत जास्त वजन. दुसरा, कार आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त. खालचे दोन पुढच्या-मागच्या अॅक्सलचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की कार किती ओढू शकते ते कळतं. दुसरा आकडा नसेलच, तर त्या कारने ट्रेलरचं नाव काढू नये. आमच्या कारची वजाबाकी १,४०० किलो आली. सरकार म्हणतं ३,५००, कार म्हणते १,४००. आणि अशा वादात जो कमी बोलतो त्याचंच खरं असतं. स्वतःचे ब्रेक नसलेला छोटा ट्रेलर घ्यावा, तर तिथे ७५० किलो किंवा कारच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल ते. आमच्या कारचं निम्मं ६५०. या देशात कुठल्याही दोन आकड्यांतला मोठा आकडा माझ्या वाट्याला आलेला नाही.

शेवटी ब्रेकवाला ट्रेलर आणला. सामान चढलं. आता सुटलो म्हणेपर्यंत नाकाचं वजन निघालं. ट्रेलरचं पुढचं टोक कारच्या टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, किती भार टाकतं, ते हे नाकाचं वजन. ते फार कमी असेल तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. फार जास्त असेल तर कारचं बूड बसतं आणि पुढची चाकं रस्ता धरत नाहीत. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं, असं जाणकार सांगतात, आणि टोबॉलची मर्यादा ओलांडायची नाही. आमची मर्यादा ७५ किलो.

हे मोजायचं कसं? तर बाथरूममधल्या वजनकाट्यावर! ट्रेलर सपाट जागी उभा करायचा, काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा धरायचा आणि जोडणीचं तोंड त्यावर टेकवायचं. आमचा काटा खरं बोलतो, या एकाच कारणासाठी माळ्यावर पडून होता. तो खाली आला. पहिल्यांदा ३० दाखवले. कपाट पुढे सरकवलं, तर ९५. बायको वाकून आकडा वाचत होती आणि कपाटाविषयी "बघ, हेही उतरत नाही!" म्हणत होती. जड सामान चाकांच्या बरोबर वर ठेवायचं असतं, हा नियम काकांना माहीत होता. त्यांनी तो सगळं दोनदा हलवून झाल्यावर सांगितला. ६५वर काटा थांबला, तेव्हा कोणी ट्रेलरकडे बघून श्वाससुद्धा घ्यायचा नाही, अशी मी ताकीद दिली. आणि हे ६५ किलो कारच्या वजनात धरायचे असतात, हे कळल्यावर पुस्तकांची खोकी आणि काका यांच्यातून एकाला खाली उतरवायची चर्चा झाली. खोकी उतरली.

रस्त्याचं सांगण्यासारखं काही नाही. मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०. तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जायचंच नाही. सगळ्यांना वाट देत आम्ही पोचलो.

मग रिव्हर्स. मागे जाताना ट्रेलर डावीकडे वळवायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, आणि तो वळायला लागला की लगेच त्याच्या मागोमाग यावं लागतं. जरा उशीर झाला की ट्रेलर कारशी काटकोन करून उभा. रद्द झालेल्या परीक्षेत नेमकं हेच करून दाखवावं लागायचं. काका मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, थांबा! दुसरीकडे!" म्हणत होते. दुसरीकडे म्हणजे कुठली बाजू, ते ट्रेलरलाही कळत नव्हतं. अखेर मी तो सोडवला, पुढचं छोटं चाक खाली केलं आणि आम्ही तिघांनी तो हातांनी ढकलत दारापर्यंत नेला.

घाम पुसत मी विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं हे कसं करता?"

"मी?" काका म्हणाले. "मी कधी ट्रेलर लावलाच नाही. पण हक्क आहे ना!"