एका ‘बूल’पायी गेलेला आठवडा

माझ्या लायब्ररीच्या ज्या हेडर फाइलला, म्हणजे इतरांचे प्रोग्राम आत ओढून घेतात त्या फाइलला, मी गेल्या नऊ वर्षांत हातसुद्धा लावलेला नाही, ती सोमवारी सकाळी मोडली, आणि ज्याच्याकडे मोडली त्या गृहस्थांच्या पत्राचे पहिलेच वाक्य असे होते की, ही लायब्ररी आता कोणी सांभाळत नाही काय? सांभाळतो, महाराज. इतका सांभाळतो की मूळ काम करणारा कोड किती आणि निरनिराळ्या कंपाइलरांची (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनांची) मर्जी राखणारा किती, हे परवा मोजायला बसलो आणि अर्ध्यावरच मोजणे सोडून दिले.

विजेच्या मीटरकडून येणारे संदेश उलगडणारी ही काही हजार ओळींची सी लायब्ररी आहे. लोक तिचा सोर्स उचलतात, आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरात टाकतात आणि आपल्या कंपाइलरने, आपल्या फ्लॅगांनिशी, म्हणजे कंपाइलरला दिलेल्या सूचनांनिशी, बांधतात. त्यामुळे ‘तुम्ही मेकफाइलमध्ये (बांधणीच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) भाषेची आवृत्ती ठरवून का देत नाही’ असे विचारणाऱ्यांना मी पुन्हा एकदा सांगतो की, माझी मेकफाइल माझ्याशिवाय कोणीही वापरत नाही. माझी हेडर फाइल कोणाच्या सी८९ मध्ये जाते, तर कोणाच्या सी१७ मध्ये (या सी भाषेच्या प्रमाणित आवृत्त्या), आणि सगळीकडे तिने मुकाट्याने चालावे अशी अपेक्षा असते.

सोमवारचा घोटाळा असा होता. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या, जीसीसी या कंपाइलरच्या १५ व्या आवृत्तीने फ्लॅग न देता मिळणारी भाषा सी१७ वरून सी२३ वर नेली. सी२३ मध्ये ‘बूल’ (खरे की खोटे एवढेच साठवणारा प्रकार) हा भाषेचा राखीव शब्द झाला आहे, आणि माझ्या हेडरमध्ये ‘टाइपडेफ इंट बूल’ अशी ओळ होती, म्हणजे बूल हे इंट या पूर्णांकाचेच दुसरे नाव. ती ओळ मी हौसेने लिहिलेली नव्हती. बूल पुरवणारी प्रमाणित हेडर फाइल सी९९ ने दिली खरी, पण व्हिज्युअल स्टुडिओमध्ये ती २०१३ च्या आवृत्तीत आली, आणि माझे वापरकर्ते त्याच्या कितीतरी आधीपासून विंडोजवर होते. तेव्हा जी ओळ नसती तर कोड बांधलाच गेला नसता, तीच ओळ आज असल्यामुळे तो बांधला जात नाही.

‘मग ती ओळ काढून प्रमाणित बूल घ्या की’ हा सल्ला मला मंगळवारी दुपारपर्यंत तिघांनी दिला. तिघांपैकी एकानेही पुढचा विचार केलेला नव्हता. माझा बूल इंट होता, म्हणजे नेहमीच्या यंत्रांवर चार बाइटचा. प्रमाणित बूल त्याच यंत्रांवर एक बाइटचा असतो. मीटरच्या एका वाचनाची माहिती एकत्र ठेवणाऱ्या स्ट्रक्टमध्ये आधी ‘वैध’ हा बूल आहे आणि त्याला लागूनच फेज क्रमांकाचा एक बाइट आहे. जुन्या हेडरने बांधलेली लायब्ररी फेज, शून्यापासून मोजता, चौथ्या स्थानावर लिहिणार आणि नव्या हेडरने बांधलेला प्रोग्राम तो पहिल्या स्थानावर वाचणार. तिथे त्या चार बाइटच्या इंटचा रिकामा भाग असतो, म्हणून प्रत्येक वाचनाचा फेज शून्य दिसणार, आणि त्यात ना कंपाइलर तक्रार करणार, ना बांधलेले तुकडे जोडणारा लिंकर. बिल्ड मोडलेला परवडतो, कारण तो निदान ओरडतो तरी.

शेवटी मी प्रकाराला लायब्ररीचा उपसर्ग लावला, आतला इंट तसाच ठेवला आणि नवी आवृत्ती काढली. त्याच संध्याकाळी दुसरे पत्र आले. हे सद्गृहस्थ इतकी वर्षे स्वतःच्या कोडमध्ये बूल लिहीत होते आणि त्याची व्याख्या माझ्या हेडरमधून फुकट मिळवत होते. ती गेल्यावर त्यांच्या जुन्या कंपाइलरला बूल हा शब्दच ओळखू येईना, आणि त्याचा दोषही अर्थातच माझ्या माथी आला.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. सी२३ मध्ये फंक्शनच्या नावापुढच्या रिकाम्या कंसांचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा झाला, म्हणून माझे कॉलबॅक (लायब्ररीने नंतर बोलवायची फंक्शने) साठवणारे टेबलही मोडले, आणि ते रिकामे कंस हा निव्वळ माझा आळस होता. तसेच, जाहीर न केलेले फंक्शन वापरणे क्लँग या दुसऱ्या कंपाइलरच्या १६ व्या आवृत्तीने २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने २०२४ मध्ये थेट एरर ठरवले, त्याबद्दलही माझी काही तक्रार नाही. ६४ बिटच्या यंत्रावर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करणारे असे फंक्शन इंट परत करते असे गृहीत धरले गेले की पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. त्या चुकीमागे मी स्वतः रात्री घालवलेल्या आहेत. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. भाषेच्या आवृत्तीबद्दल ज्याने अवाक्षरही काढलेले नाही, त्याच्या जुन्या कोडला परस्पर नवी भाषा लावली जाते, आणि निस्तरायला मात्र कोड लिहिणाऱ्याला बोलावले जाते.

कंपाइलर ओळखावा आणि त्याप्रमाणे वागावे म्हटले, तर ओळखपत्रेच खोटी आहेत. क्लँगची आवृत्ती कितीही पुढे गेली तरी तो जीसीसीचे मॅक्रो (कोडला तपासता येणारी ओळखचिन्हे) देऊन स्वतःला जीसीसी ४.२ म्हणवतो, म्हणजे २००७ सालचा. विंडोजवर त्याला क्लँग-सीएल या नावाने चालवले की तो व्हिज्युअल सीचा मॅक्रो देतो. खुद्द व्हिज्युअल सी तर भाषेची आवृत्ती सांगणारा प्रमाणित मॅक्रो, सी११ किंवा त्यापुढचा फ्लॅग दिल्याशिवाय, सहसा देतच नाही. अल्पाइन लिनक्समध्ये असलेल्या मसल या सी लायब्ररीने स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो ठेवायचाच नाही असे ठरवलेले आहे, आणि त्यांची कारणे वाचली की ती पटतात, हे आणखी चीड आणणारे आहे.

लिनक्सवरच्या ग्लिब्सी या सी लायब्ररीचा किस्सा तर मी विसरणे शक्यच नाही. ‘स्ट्रएलसीपीवाय’ हे मजकुराची नक्कल करणारे फंक्शन तिच्यात वर्षानुवर्षे नव्हते, म्हणून सगळ्यांप्रमाणे मीही ते त्याच नावाने स्टॅटिक म्हणून (त्या फाइलपुरते) लिहून ठेवले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लिब्सी २.३८ ने ते आत घेतले आणि एकाच नावाच्या दोन डिक्लरेशनांची टक्कर झाली. मी आवृत्ती तपासणारी अट घातली: २.३८ किंवा पुढची असेल तर माझे फंक्शन गाळावे. दोन दिवसांनी एकाने नेमका सी९९ चा काटेकोर फ्लॅग लावून बांधले. त्या फ्लॅगखाली ग्लिब्सी ते फंक्शन हेडरमध्ये दाखवतच नाही, म्हणजे माझे मी गाळलेले आणि त्यांचे त्यांनी झाकलेले. पहिल्याच दिवशी स्वतःच्या फंक्शनचे नाव बदलण्याचे शहाणपण मला तिसऱ्या दुरुस्तीला सुचले.

वॉर्निंगांबद्दल तर बोलूच नये. प्रत्येक वॉर्निंगला एरर मानण्याचा फ्लॅग लोकांनी स्वतःच्या कोडला खुशाल लावावा, माझ्या कोडला का लावतात? स्विचमध्ये एनमचे (ठरावीक मूल्यांच्या यादीचे) सगळे पर्याय हाताळले आणि प्रत्येकातून रिटर्न केले, तरी जीसीसी म्हणतो की फंक्शनच्या शेवटी काही परत केले जात नाही. तिथे एक रिटर्न लिहिला, तर एका एम्बेडेड कंपाइलरची वॉर्निंग येते की या ओळीपर्यंत कोणी पोहोचूच शकत नाही. त्या एका ओळीभोवती आज माझे कंपाइलर पाहून ती ठेवणारे-गाळणारे चार प्रीप्रोसेसरचे निर्देश आहेत.

आणि हो, ‘हे सगळे रस्ट भाषेत लिहा’ असे सांगणाऱ्यांनी कृपया आधी त्या मीटरच्या आतल्या सोळा बिटच्या चिपसाठी आणि उत्पादकाने दिलेल्या एकुलत्या एक सी कंपाइलरसाठी काहीतरी सोय करावी, मग मला पत्र लिहावे.

आज शुक्रवार. सोमवारच्या गृहस्थांचे नवे पत्र आले आहे की, दुरुस्त आवृत्तीही त्यांच्या एका सहकाऱ्याकडे बांधली जात नाही. त्यांनी एररचा मजकूर दिलेला नाही. कोणता कंपाइलर, कोणती आवृत्ती आणि कोणते फ्लॅग, असे मी अत्यंत नम्रपणे विचारले, तेव्हा पाच मिनिटांत एका शब्दाचे उत्तर आले: ‘नेहमीचेच’.