शेजाऱ्याला मेल पाठवणं म्हणजे भांडण नव्हे

छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये महिनाभर एकच वाद चालू आहे. सोसायटीच्या नोटिसा आणि हिशोब यापुढे ईमेलवर पाठवायचे, की व्हॉट्सॲप ग्रुप आहे तोच पुरे? फ्लॅट माझ्या नावावर, राहतात आई आणि अण्णा, आणि मी 11 वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टला. दोन्ही बाजू मला फोनवर रोज ऐकायला मिळतात. मी मेलच्या बाजूने आहे.

गेल्या पावसाळ्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी कमिटीने घरटी 18,000 रुपये मागितले. अण्णांच्या लक्षात होते 12,000. "ग्रुपवर टाकलं होतं," असं दोन्हीकडून ठामपणे सांगणं. मी इथे रात्री बसून ग्रुप चाळला. एकादशीच्या शुभेच्छा, वाढदिवस, "नळ आले का?", कुणाच्या तरी गाडीचे लाइट चालू राहिलेत, परत "नळ आले का?" कोटेशनचा फोटो सापडला, पण उघडेना. तो टाकणाऱ्या काकांनीही मध्ये फोन बदललेला. अण्णांनी शेवटी 18,000 भरले, पण पंचवीस वर्षांचा शेजार असलेल्या त्या काकांशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं.

इथल्या आमच्या इमारतीत 14 घरं आहेत. घरमालकांच्या सभेचं बोलावणं किमान तीन आठवडे आधी येतं, सोबत विषयपत्रिका आणि वर्षाचा हिशोब. ते मेलने पाठवायला कायद्याची मुभा आहे. 1 डिसेंबर 2020 ला लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तर सभेबाहेर ठराव करायचा असेल तरी सह्यांचा कागद घरोघर फिरवावा लागत नाही, सगळ्यांनी मेलवर होकार दिला की झालं. मागे वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बागेच्या खर्चावर हरकत घेतली. चार ओळींचा मेल, सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या डब्यांपाशी भेटल्या आणि नेहमीसारख्या हसून बोलल्या. हरकत कागदावर राहिली, माणसं जिथल्या तिथे.

आपल्याकडे मेल म्हटलं की लोक विचारतात, "कोर्टात जायचंय का?" आईचंही तेच. "लेकरा, लिहून दिलं की माणसं दुरावतात. अण्णा वर जाऊन बोलून येतील ना." तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असून आमच्या नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं. मे महिन्यात टँकर आला की समोरच्या काकू दार वाजवतात, "अहो, मोटार लावा लवकर!" ते काम कुठल्याच मेलचं नाही. तसं दार वाजवणारं इथे मला कुणी नाही, आणि त्याची चुटपुट अजून जात नाही. पाण्याचं, लिफ्टचं, गेटचं ग्रुपवरच असू द्या.

पण पैशांचं आणि ठरावांचं तिथे नको. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायची पद्धत तर आजच बंद व्हावी. एकट्या राहणाऱ्या एका मावशींचं नाव त्यात आलं आणि त्यांनी आठ दिवस खाली येणं सोडलं. तीच गोष्ट त्यांना एकटीला मेलवर किंवा पाकिटातून कळवता आली असती. शिवाय आमच्या 24 घरांपैकी सात घरांचे मालक पुण्याला, हैदराबादला, नाहीतर माझ्यासारखे बाहेर. सकाळी आठला तिकडे चर्चा सुरू होते तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेचार वाजलेले असतात. मी उठेपर्यंत चाळीस मेसेज आणि शेवटी, "मग ठरलं."

म्हाताऱ्या माणसांना मेल जमत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याला उपायही साधा आहे: त्याच मेलची प्रिंट जिन्याखालच्या फळ्यावर लावायची. इथेही आमच्या तळमजल्यावरच्या आजींना सगळं पोस्टानेच येतं. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी द्यायची, हे आपल्या सोसायटीच्या उपविधींत, म्हणजे नियमावलीतही आहेच. इलेक्ट्रॉनिक नोंदीला 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली आहे. फक्त मेलचा पत्ता चेअरमनचा खासगी नको, सोसायटीचा हवा. कमिटी पाच वर्षांनी बदलते. जुना पत्रव्यवहार नव्या माणसांच्या हाती आपोआप यायला हवा.

परवा अण्णांनी कमिटीला पहिला मेल केला. मराठीत, बोटाने एकेक अक्षर शोधत. विषयाच्या जागी लिहिलं, 'गच्चीचा हिशोब मिळावा'. पाठवला आणि तसेच चपला घालून काकांकडे गेले. म्हणाले, "मेल टाकलाय, बघून घ्या. रागाने नाही टाकला." काकांनी त्यांच्यासमोरच तो उघडला. मग गच्चीच्या कामाची पावती शोधायला दोघं मिळून काकांचं कपाट उपसत बसले.