फर्ग्युसन ‘पळाला’ म्हणणाऱ्यांनी आधी तारखा बघा

काल रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज, ‘मामा, हे खरंय का?’ आणि खाली तोच फॉरवर्ड. की नासाचा अंतराळवीर ख्रिस फर्ग्युसन पैशासाठी नासा सोडून बोईंगमध्ये गेला, देशाशी गद्दारी केली, बोईंगचं माणसं नेणारं यान स्टारलायनर खराब आहे कळल्यावर मुलीच्या लग्नाचं कारण काढून पळाला आणि आपल्या जागी सुनीता विल्यम्सला पाठवलं. पोरगी दहावीत आहे, एरोस्पेसला जायचं म्हणते, म्हणून लिहितोय नाहीतर सोडून दिलं असतं.

आधी ते ‘पळाला’, कारण तेच सगळ्यात वाईट आहे. स्टारलायनरच्या माणसांसह पहिल्या चाचणी उड्डाणातून त्याने माघार घेतली 7 ऑक्टोबर 2020 ला, स्वतः व्हिडिओ टाकून सांगितलं की पुढच्या वर्षी घरच्या काही गोष्टी आहेत, मुलीचं लग्न आहे, ते मला चुकवायचं नाही. त्याच दिवशी नासाने जाहीर केलं की त्याच्या जागी अंतराळवीर बुच विल्मोर. सुनीताचं नावच नाही त्यात! ती तेव्हा स्टारलायनरच्या पुढच्या मोहिमेसाठी निवडलेली होती, या चाचणी उड्डाणावर तिचं नाव आलं जून 2022 ला. आणि सुनीताच्या उड्डाणात हेलियम गळणं, थ्रस्टर (यान वळवणारी छोटी इंजिनं) बंद पडणं हे 2024 मधलं, ते 2020 ला कुणाला कसं कळणार? बरं, माघार घेऊन तो बोईंग सोडून गेला का, तर नाही, तिथेच राहून जमिनीवरून क्रूसाठी काम केलं.

डिसेंबर 2019 ची माणसांशिवायची चाचणी फसली होती, हे मान्य. यानाचं घड्याळ 11 तास चुकलं आणि ते अंतराळ स्थानकापर्यंत पोचलंच नाही. पण त्यानंतरही जवळजवळ दहा महिने हा माणूस क्रूमध्ये होताच ना. घाबरून पळणारा इतका थांबतो का?

गद्दारीचं म्हणाल तर जुलै 2011 ला नासाच्या स्पेस शटल यानांचं शेवटचं उड्डाण झालं, अटलांटिसचं, आणि त्याचा कमांडर हाच. त्यानंतर अमेरिकेकडे माणूस वर न्यायला स्वतःचं यानच उरलं नाही, नऊ वर्षं रशियाच्या सोयुझ यानामध्ये सीटा विकत घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरात तो नासातून निघाला आणि पुढचं यान बनवायला बोईंगमध्ये गेला. पगार जास्त असेलही, मग? तीनदा वर जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो ना आत बसणाऱ्याला काय लागतं ते. आणि पुढे 2014 ला माणसं न्यायचं काँट्रॅक्ट बोईंग आणि स्पेसएक्सला दिलं ते नासानेच.

फॉरवर्डमध्ये स्पेसएक्सचं मात्र तोंड भरून कौतुक. मार्च 2025 ला सुनीता स्पेसएक्सच्या ज्या ड्रॅगन यानातून परत आली, त्या यानात माणसं नेता यावीत म्हणून काम करणाऱ्यांत गॅरेट राइझमन होता, तोही नासाचा अंतराळवीर, 2011 मध्येच स्पेसएक्समध्ये गेलेला. त्याला कुणी गद्दार म्हटलेलं मी तरी वाचलं नाही.

भाचीला हे सगळं पाठवलंय. माझ्या आईलाही पाठवलंय, कारण भाचीला तो फॉरवर्ड तिच्याकडूनच, म्हणजे आजीकडूनच आला होता.